सव्वा डॉलरचे ह्यूस्टन

सोलापूर–हैदराबाद महामार्गावरील अणदूरचा खंडोबा वर्षातील काही काळ नळदुर्गला मुक्कामास जातो आणि ठरलेल्या दिवशी परततो. देवच प्रवासी असलेल्या या गावातील एक निवृत्त गुरुजी गेल्या ऑक्टोबरात पत्नीसह मुलाकडे ह्यूस्टनला निघाले. त्यांची एकच अट होती. विमानाचे तिकीट मुलाने काढावे, परंतु तेथील हिंडण्याफिरण्याचा पैसा निवृत्तिवेतनातूनच खर्च होईल. दोन महिन्यांसाठी त्यांनी सहाशे डॉलर कार्डात भरून घेतले. आरोग्य विम्याचा हप्ता मात्र त्यांनी या हिशेबाबाहेर ठेवला आणि जुन्या आजारांविषयीची कलमे दोनदा वाचून मगच सही केली. काटकसरीच्या नावाखाली विमाच गाळणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पंधरवडाभर ते सहाशे डॉलर जसेच्या तसे राहिले, कारण दोघे घराबाहेर पडलेच नाहीत. ह्यूस्टनमध्ये तिकिटांपेक्षा अंतर महाग पडते. मुलाचे घर शहराच्या दक्षिणेस पेअरलँडला, आसपास चालत जाण्याजोगे काही नाही आणि टॅक्सीने शहरात जाऊन येणे म्हणजे पन्नास डॉलरच्या पुढचा मामला. मुलगा टॅक्सीचे पैसे देऊ करी, गुरुजी त्याचे रुपये करून नकार देत. अखेर काकू म्हणाल्या, “अहो, तुमचा स्वाभिमान मला मान्य आहे. पण इतक्या लांब येऊन मी खिडकीतून रस्ताच पाहायचा का?” त्या रात्री गुरुजी नीट जेवले नाहीत.

मार्ग निघाला तो मुलाच्या नोकरीच्या ठिकाणामुळे. तो टेक्सास मेडिकल सेंटरमध्ये कामाला जातो आणि 2004 साली सुरू झालेली शहराची लाल रेल्वेमार्गिका तेथूनच जाते. सकाळी त्याच्या मोटारीने जायचे, संध्याकाळी त्याच्याचबरोबर परतायचे आणि मधला दिवस रेल्वेचा. भाडे सव्वा डॉलर. कार्ड वापरल्यास त्याच भाड्यात तीन तासांपर्यंत बसही बदलता येते. पासष्टी उलटलेल्यांना वेगळे कार्ड काढून सुमारे निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. गुरुजी अडुसष्ट वर्षांचे, काकू त्रेसष्टच्या. एसटीत 2023 पासून निम्म्या तिकिटाची सवय झालेल्या काकूंना परदेशात पूर्ण भाडे द्यावे लागले, याचा गुरुजींनी थोडा आनंदही लुटला.

मेडिकल सेंटरपासून जवळच हर्मन पार्क आणि संग्रहालयांचा परिसर आहे. ललित कला संग्रहालयाचा सर्वसाधारण प्रवेश गुरुवारी विनामूल्य असतो, म्हणून गुरुवार ठरून गेला. तेथे भारतीय कलेचेही दालन आहे. तुळजापूर तालुक्यातून निघालेल्या माणसाला चोळकालीन कांस्यमूर्ती टेक्सासात भेटते, तेव्हा नमस्कार करावा की नुसते पाहावे, असा प्रश्न काकूंना पडला. त्यांनी दोन्ही केले. 1987 साली उघडलेले मेनिल संग्रहालय आणि त्याच्या शेजारचे रॉथको चॅपेल येथे तर केव्हाही तिकीट लागत नाही. चॅपेलमध्ये मूर्ती नाही, ग्रंथपठण नाही, केवळ काळपट रंगांची मोठी चित्रे आणि बाके. गुरुजी तेथे पाऊण तास बसले आणि त्या पाऊण तासात त्यांनी एकदाही रुपये केले नाहीत.

जेवण डब्यातले. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे जातात आणि सूर्यास्त साडेपाचच्या सुमारास येतो. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी हे आधीच लक्षात ठेवावे, नाहीतर मोटारीच्या गर्दीतच वेळ टळते. काकू दशम्या आणि शेंगांची चटणी नेत आणि साडेचारलाच उद्यानात डबा उघडत. किराणा हिलक्रॉफ्टच्या भारतीय दुकानांतून येई. त्या भागाला 2010 पासून महात्मा गांधींचे नाव आहे.

अवकाश केंद्राचा प्रश्न मात्र काटकसरीने सुटणारा नव्हता. माणशी तिकीट तीस डॉलरच्या वर आणि शहरापासून अंतर मोठे, त्यामुळे मुलाच्या सुटीच्या दिवशी त्याच्याच मोटारीने जाणे भाग होते. गुरुजी दोन रविवार टाळत राहिले. तिसऱ्या रविवारी काकूंनी कार्ड स्वतःच्या हाती घेतले आणि तिघांची तिकिटे काढली. मुलाने पाकीट काढताच त्यांनी त्याला गप्प केले. “आज तू आमचा पाहुणा,” त्या म्हणाल्या. आडव्या ठेवलेल्या सॅटर्न पाच या अग्निबाणाची लांबी एकशे दहा मीटर. गुरुजी त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावले मोजत गेले. 1969 साली चांद्रविजयाची बातमी त्यांनी अणदूरला शेजाऱ्यांच्या रेडिओवर ऐकली होती. परतताना मोटारीत ते तीच गोष्ट मुलाला सांगत राहिले आणि मुलानेही ती पूर्वी ऐकल्याचे दाखवले नाही.

डिसेंबरात निघताना कार्डात एकशे चाळीस डॉलर उरले. ते मुलाला द्यावेत की रुपयांत परत घ्यावेत, यावर विमानतळापर्यंत चर्चा चालली. पुढच्या खेपेसाठी ते कार्डातच ठेवावेत, असे काकूंनी ठरवले. सोलापूर स्थानकावर अणदूरची गाडी मिळाली, कंडक्टरने दोघांनाही निम्मे तिकीट फाडून दिले आणि गुरुजींनी ती रक्कमही ह्यूस्टनच्याच खात्यावर मांडली.