शोकेसमधला पुतळा

गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याकडे जाताना कपड्यांच्या टपऱ्यांना काच लागत नाही. दोरीवर टांगलेले टी-शर्ट आणि पोरांच्या चड्ड्या वाऱ्यावर हलतात आणि हलते ते आधी दिसते. लाटेत भिजलेल्या पोराला कोरडा कपडा हवाच असतो, हे टपरीवाला जाणतो.

रत्नागिरी शहरातल्या मोठ्या दुकानांत हेच काम शोकेस करते. पुतळ्याला बेतून बसलेला शर्ट पाठीमागून टाचण्यांनी आवळलेला असतो. बाजूने पाहिले की कळते. वरच्या दिव्याखाली खुललेला रंग उन्हात कधी कधी निराळाच निघतो. आणि मोठ्या अक्षरांत ‘२९९’ लिहिलेले असले, तर शेजारी बारीक ‘पासून’ आहे का, तेही पाहावे. ती किंमत आतल्या गठ्ठ्यातल्या मालाची असू शकते, काचेतल्या साडीची नव्हे!

मुंबईच्या गिरण्यांत राबलेल्या आमच्या चाकरमान्यांना कापड बोटांनी कळायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढे गिरण्या गेल्या आणि घराघरातली ती पारखही आटली.

१४ एप्रिलच्या खरेदीला वर्षाची शिल्लक खर्ची पडते. तरी “काचेतलाच काढून दाखवा” म्हणायला आपल्या भगिनी बिचकतात. नोकराने कपाळाला आठी घातली तर घालू द्यावी. कपडा दाराशी उजेडात न्यावा, शिवण दोन्ही हातांनी ताणावी, पोराच्या खांद्याला लावून बघावा. आणि पैसे देण्याआधी विचारावे, बदलून मिळेल का आणि किती दिवसांत?