हाती नसलेला शेअर विकताना
करावेतल्या तरुणांच्या मोबाइलवर पडत्या बाजारातही कमवण्याच्या टिपा येतात. बाजार आम्हाला वर्ज्य नाही. बाबासाहेबांनीच मुंबईत शेअर-सल्ल्याची पेढी काढली होती. जात कळताच गिऱ्हाईक पांगले, ते वेगळे. पण शॉर्ट सेलिंग म्हणजे हाती नसलेला शेअर विकणे. १०० ला विकून ८० ला घेतला तर २० सुटतात. भाव २५० झाला तर १५० बुडतात, आणि चढत्या भावाला छत नसते. शेअर घेणाऱ्याचे फार तर १०० जातात. असा सौदा त्याच दिवशी मिटवला नाही तर लिलाव आणि दंड. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात, २०२२-२३ साली रोख बाजारात दिवसभरातच घेऊन-विकून मोकळे होणाऱ्या दर १० जणांपैकी ७ तोट्यात निघाले. सिडकोने जमिनी घेतल्यावर घरात आलेला पैसा यात घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.