घरं आहेत, पण कोणासाठी?

पनवेलमध्ये घरांचा विषय निघाला की गाडी ठरलेल्या रुळावरून धावते. अटल सेतू झाला, विमानतळ झाला, आता भाव वाढणारच, घेऊन टाक. भाव वाढणार म्हणून घर घ्यायचं आणि सगळे घेतात म्हणून भाव वाढणार. आम्ही प्रोग्रॅमर याला इन्फाइनाइट लूप म्हणतो!

यावर नेहमीचं औषध म्हणजे 'पुरवठा वाढवा'. तर 2024 च्या दसऱ्याला सिडकोने 26,000 घरांची योजना काढली. तळोज्यातल्या आर्थिक दुर्बल घटकाच्या घराचा भाव निघाला साधारण 25 लाख. फेब्रुवारी 2025 मध्ये सोडत झाली तेव्हा पैसे भरून टिकलेले अर्जदार होते जेमतेम 21,000. लॉटरीत तिकिटांपेक्षा बक्षिसं जास्त!

गणित सोपं आहे. या गटाची उत्पन्नमर्यादा वर्षाला 6 लाख. पदरचे पैसे आणि अनुदान धरून 20 लाखांचं कर्ज काढलं, तर 9 टक्क्यांनी 20 वर्षं हप्ता येतो 18,000. महिना 30,000 कमावणाऱ्याने हा हप्ता भरून खायचं काय? पुरवठा झाला, पण ज्याला गरज त्याच्या खिशाला तो दिसलाच नाही.

यात सिडकोची एक मूळची अडचण आहे. 1970 मध्ये ती स्थापन झाली तेव्हा कल्पना अशी, की 95 गावांची जमीन घ्यायची, ती विकसित करून विकायची आणि त्या पैशातून शहर उभारायचं. शहर उभं राहिलं, हे मान्यच. पण भूखंड निविदा काढून विकणाऱ्यालाच आपण घरं स्वस्त करायला सांगतो आहोत. जमिनीचा भाव चढला की त्याची तिजोरी भरते. मग त्याने भाव पाडावा तरी कशाला?

माझ्या मते खरी उणीव भाड्याच्या घरांची आहे. तो प्रयोगही इथेच झाला होता. 2008 च्या सुमारास एमएमआरडीएने योजना आणली, की बिल्डरला 4 एफएसआय द्यायचा आणि त्यातल्या चौथ्या हिश्श्यात 160 चौरस फुटांची भाड्याची घरं फुकट बांधून घ्यायची. पनवेलजवळ कोनला ती उभी राहिली. पुढे काय, तर दोन-दोन खोल्या जोडून 2016 मध्ये गिरणी कामगारांसाठी मालकीची सोडत निघाली. 2020 मध्ये तिथे करोनाचं विलगीकरण केंद्र झालं आणि ताबा वर्षानुवर्षं रखडला. गिरणी कामगारांचा हक्क मोठाच, त्याबद्दल वाद नाही. पण भाड्याची घरं मात्र गेली ती गेलीच.

असं का होतं? किल्ली देतानाचा फोटो छापून येतो, भाडेकराराचा येत नाही. मालक त्याच वॉर्डात मतदार म्हणून राहतो, भाडेकरू 11 महिन्यांनी टेम्पो भरतो.

म्हणून साधी सूचना. सोडतीत न खपलेली घरं सिडकोने पुन्हा पुन्हा विकायला काढण्याऐवजी निम्मी तरी भाड्याने द्यावीत, पाच-पाच वर्षांच्या कराराने. तिजोरीत पैसा हळू येईल, पण येईल. विमानतळावर सामान उचलणारा माणूसही याच शहरात राहायला हवा. त्याला गुंतवणूक नकोय हो, रात्री पाठ टेकायला जागा हवी आहे.