मधले पान

'पणती' हा शब्द हवा म्हणून शब्दकोश पहिल्या पानापासून चाळणारा गृहस्थ निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. आपण कोश मधोमध उघडतो. 'ब' निघाला, की त्यापुढचा अर्धा कोश बाद! उरलेल्याचे पुन्हा मधले पान, पुन्हा अर्धा बाद. १००० पानांतून हवे ते पान असे फार तर १० वेळा उघडून हाती लागते. १० लाख पाने असली, तरी २० वेळा पुरे. अट एकच : शब्द अनुक्रमाने लावलेले हवेत. आमच्या कपाटातल्या विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यावर ही मात्रा चालत नाही.

संगणकही ओळीने लावलेल्या आकड्यांतून हवा तो आकडा असाच हुडकतो. तुम्ही म्हणाल, 'यात काय मोठेसे? शेंबडे पोरही सांगेल!' पण वाचकहो, जरा थांबा. अमेरिकेत जॉन मॉचली यांनी १९४६ साली ही रीत व्याख्यानात सांगितली. आकडे कितीही असोत, बिनचूक चालेल अशी तिची पहिली मांडणी डेरिक लेहमर यांनी छापली ती १९६० साली, असे डोनाल्ड क्नूथ यांनी नोंदवले आहे. म्हणजे मध्ये १४ वर्षे गेली! पुढे जॉन बेंटली यांनी हेच काम कसलेल्या मंडळींना दिले. दोन तासांनी पाहावे, तो १०० पैकी ९० जणांचे चुकलेले!

बेंटलींनी स्वतःची मांडणी तर्काने सिद्ध करून पुस्तकात छापली. तरीही २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर केले, की तिच्यात आणि आपण स्वतः 'जावा'साठी लिहिलेल्या मांडणीतही एकच खोट आहे. मधले पान काढायला दोन्ही टोकांची बेरीज करून निम्मे करतात ना? तिथेच ती दडली होती.

समजा, तुम्हांला बोटांवर १० पर्यंतच मोजता येते. ७ आणि ९ यांच्या मधले पान हवे. बेरीज १६, बोटे संपली! संगणकाच्या बोटांनाही अशीच मर्यादा असते. यादी प्रचंड झाली, की बेरीज त्या मर्यादेबाहेर जाते आणि उत्तर चक्क शून्याच्या खाली येते. उपाय घरगुती आहे : ९ मधून ७ वजा करा, २ उरले, त्याचे निम्मे १, ते ७ मध्ये मिळवा. झाले ८! सिद्धता कागदावरच्या आकड्यांची होती. कागदाला बोटांची अडचण नसते.

यंदा फराळ झाला, की मुलांना १ ते १०० मधला एक आकडा मनात धरायला सांगा. दर वेळी मधला आकडा विचारून, 'मोठा की लहान?' एवढेच उत्तर घेत गेलात, तर ७ प्रयत्नांत तो सापडलाच पाहिजे. मग ही रीत त्यांना कागदावर लिहायला लावा. लाडू मात्र कागद तपासल्यावरच द्या!