ताराबाईंचं दुसरं पुस्तक

आठ मार्चच्या कार्यक्रमांत ताराबाई शिंदे यांचं नाव हमखास घेतलं जातं. घ्यायलाच हवं. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. ती अपिलात कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या नीतीचा पंचनामा सुरू झाला. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं.

मला सतावणारा प्रश्न वेगळा आहे. ताराबाईंचं दुसरं पुस्तक कुठे आहे? पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची जाहीर बाजू घेतली. तरी ताराबाईंचं पुढचं एकही पुस्तक आपल्या हाती नाही. आहे तेही विस्मरणात गेलं होतं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं, म्हणून आपल्यापर्यंत पोचलं. ‘एकच लिहिलं, पण केवढं!’ असं आपण कौतुकानं म्हणतो. मला त्या ‘एकच’मध्ये आपलं नुकसान दिसतं.

ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट, असं कुणी म्हणेल. मग फलटणच्या बेबीताई कांबळे यांच्याकडे पाहू. किराणा दुकान सांभाळत, पुड्या बांधायला आणलेली रद्दी वाचत, त्यांनी आपल्या समाजाचं जगणं लिहून काढलं. आंबेडकरी चळवळीत वाढलेल्या या बाईला ते लिखाण सुमारे वीस वर्षं घरच्यांपासून लपवावं लागलं. फलटणला राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी विचारलं, आग्रह धरला, आणि १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून ‘जिणं आमुचं’ येऊ लागलं. कुणी विचारलंच नसतं तर?

अंगात गुण असला की बाई लिहितेच, हे म्हणणं मला पटत नाही. लिहायला वेळ लागतो, जागा लागते, आणि ‘पुढे काय लिहिलंस?’ असं विचारणारं माणूस लागतं. स्वयंपाक, पाणी, पोरं यांतून उरलेला वेळ बाईच्या वाट्याला येतो, आणि तो उरतच नाही.

काही मैत्रिणी म्हणतात, लिहिणं हे शिकलेल्यांचं, अभ्यासकांचं काम. आपलं काम मोर्चा आणि पोलीस चौकी. पण ज्या बाईनं चौकीत रात्र काढली, तिनं लिहिलं नाही तर तिच्यावर दुसरं कुणीतरी लिहिणार, आणि तिचं नाव फार तर आभारात येणार.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गटानं महिन्यातून दोन तास लिहिण्यासाठी राखावेत. तेवढा वेळ मुलं आळीपाळीनं सांभाळावीत. जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं, दुसरीनं तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावं आणि तिला वाचून दाखवावं. कागदावर तिचं नाव आणि तारीख घालून ते एका फायलीत ठेवावेत. ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर चुकू द्या. ते नंतर दुरुस्त करता येतं. न लिहिलेलं मात्र कुणालाच शोधून काढता येत नाही.