उतारावरचा ट्रॅक्टर

ग्वाल्हेरच्या किला गेटकडून किल्ल्यावर जाणारी खडी वाट पायीच चढावी लागते. वाहनांना पश्चिमेकडील उरवाईचा रस्ता धरावा लागतो. कोणत्या चढणीवर चाकांना मज्जाव करावा, हे तेथे ठरलेले आहे. खेड्यापाड्यांत मात्र ट्रॅक्टरला कोणतीच चढण वर्ज्य नाही. त्याच मध्य प्रदेशात जून २०२४ मध्ये राजगड जिल्ह्यात वऱ्हाडाची ट्रॉली उलटून तेरा जीव गेले. २०२५ च्या दसऱ्याला खंडवा जिल्ह्यात देवीच्या विसर्जनाची ट्रॉली तलावात उलटून अकरा जण बुडाले. त्यांत बरीच मुले होती. या जागा काही घाटातल्या नव्हेत. मग आपल्या जांभ्याच्या उतारांवर काय होईल, याचा विचार कोकणाने आधीच केलेला बरा.

'चालकाचा ताबा सुटला' हे अशा बातमीतील ठरीव वाक्य आम्हांस मान्य नाही. ट्रॅक्टरचा भार उंचावर असतो. आडव्या उतारावर वरचे चाक दगडावर चढले किंवा खालचे खड्ड्यात गेले, की तो कलंडतो. म्हणून उतार शक्यतो सरळ चढावा, सरळ उतरावा. चढणीवर ओझे ओढताना क्लच झटक्याने सोडला, तर पुढची चाके उचलली जातात आणि दीड-दोन सेकंदांत यंत्र चालकावर येते. ओढण्याची साखळी नेमून दिलेल्या आकड्याहून उंच बांधली, तर हा धोका वाढतोच. उतरताना डिझेल वाचविण्यासाठी गिअर काढणे ही तर शुद्ध आत्मघातकी काटकसर! अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. मागचा भार ट्रॅक्टरलाच पुढे ढकलतो. शेतात वळण्यासाठी सुटे ठेवलेले दोन ब्रेक रस्त्यावर येताच जोडावयाचे असतात, हेही पुष्कळांच्या गावी नसते.

स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक चौकट सक्तीची केली आणि तेथील अशा मृत्यूंची संख्या झपाट्याने उतरली. चौकट आणि आसनपट्टा ही जोडी चालकाला वाचविते. चौकटीविना पट्टा मात्र त्याला यंत्राखालीच जखडून ठेवील. आपल्याकडे बुधनी येथे यंत्रपरीक्षण व प्रशिक्षणाची केंद्रीय संस्था १९५५ पासून आहे. ज्ञानाची वाण नाही. सरकार ट्रॅक्टरसाठी अनुदान देते. चौकट बसविल्याचे आणि चालकाने उतारावरील सराव केल्याचे पाहिल्याशिवाय त्यातील पैही हाती पडू नये, अशी आमची मागणी आहे.

ट्रॉलीत माणसे बसविण्याच्या प्रथेला मात्र सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. मूर्ती वाहनात आणि माणसे पायी, एवढे आपल्या गणेशमंडळांनी येत्या विसर्जनापूर्वी ठरवावे.