‘बारमाही’ हे लेबल काढा

सप्टेंबर सरला की रोपवाटिकांच्या दारात स्ट्रॉबेरीच्या पिशव्या मांडल्या जातात. अलीकडे त्यांतल्या अनेक पिशव्यांवर ‘बारमाही’ अशी चिठ्ठी दिसते. गच्चीवर बाग करणारे गिऱ्हाईक ती वाचून जादा पैसे मोजते आणि मे महिन्यात करपलेले रोप घेऊन तुमच्याच दारात उभे राहते.

या नावाखाली सहसा अल्बियन, सॅन अँड्रियास अशा कॅलिफोर्नियातल्या जाती येतात. तिथल्या ब्रिंगहर्स्ट आणि व्होथ या संशोधकांनी युटामधल्या डोंगरातली रानटी स्ट्रॉबेरी संकरात आणली आणि दिवस लहान असो वा मोठा, कळी धरणारी जात तयार केली. युरोप-अमेरिकेत ही मोठीच सोय झाली. लंडनचा दिवस हिवाळ्यात ८ तासांचा, तर जूनमध्ये साडेसोळा तासांचा. पुण्यात तो ११ ते सव्वातेरा तासांच्या मध्येच हलतो. म्हणजे ज्या अडचणीवर हा तोडगा निघाला, ती अडचण आपल्याकडे फारशी नाहीच. स्वीट चार्ली, विंटर डॉन या नेहमीच्या जातीही थंडी टिकेल तोवर फुलत राहतात.

आपली अडचण उष्म्याची. पारा तिशीपलीकडे गेला की ‘बारमाही’ रोपाचीही कळी थांबते. कॅलिफोर्नियाच्या वॉटसनव्हिलला समुद्रवाऱ्यामुळे भर उन्हाळ्यातली दुपारही पंचविशीच्या आत असते. पुण्या-नगरच्या एप्रिलशी तिची बरोबरी कशी व्हावी? शेडनेटने पाने वाचतात, फळ येईलच असे नाही. पुढे पावसाळ्यात गाभा कुजतो. महाबळेश्वरचे शेतकरीसुद्धा दरवर्षी नवी लागण करतात, मग कुंडीतल्या रोपाकडून वर्षानुवर्षांची अपेक्षा कशाला?

तेव्हा चिठ्ठीवर ‘लागण ऑक्टोबरात, फळे थंडी असेतोवर’ एवढेच लिहावे. बोलायचेच असेल तर गाभ्याबद्दल बोलावे, कारण घरच्या बागेत रोपे जातात ती मुख्यतः तिथेच. गाभा मातीच्या पातळीला हवा. पुरला तर कुजतो, उघडा राहिला तर मुळे वाळतात. सुरुवातीची फुले महिनाभर खुडायला गिऱ्हाईक तयार होत नाही, तरी सांगावे. धागे सुटताच कापावेत. बोअरचे क्षारयुक्त पाणी मात्र या पिकाला अजिबात सोसत नाही. पानांच्या कडा जळाल्या की खत वाढवण्याआधी पाणी तपासायला सांगा. 

‘बारमाही’ जातींना धागे कमी सुटतात, त्यामुळे रोप महाग पडते, हे खरे. पाचगणीसारख्या उंचीवरच्या बागेत त्या वाढीव किमतीतून थोडा लांबलेला हंगाम हाती लागू शकतो. तिथल्या गिऱ्हाइकाला ही रोपे जरूर द्या. पुण्या-नाशिकच्या गच्चीसाठी स्वस्तातले विंटर डॉन पुरे.